पेट्रोल गोल्फ कार्ट : स्टार्टर फिरतो पण प्लगला करंटच येईना

हिप्परगा_शेतकरी
नमस्कार मंडळी. सोलापूर-तुळजापूर रोडला हिप्परग्याच्या पुढं आमचं शेत आहे, हिवाळ्यात हुरडा पार्टी चालते. रोडपासून मांडव लांब, म्हातारी माणसं ढेकळातून चालत येऊ शकत नाहीत म्हणून मागच्या वर्षी एक जुनी गोल्फ कार्ट घेतली, बॅटरीवाली नाही, पेट्रोलवाली. चावी लावून पेडल दाबलं की स्टार्टर फिरतो आणि गाडी उठते, सोडलं की इंजिन बंद, असली. आता काय झालंय की स्टार्टर मस्त फिरतोय पण इंजिन काय पकडत नाही. प्लग काढून बॉडीला टेकवून बघितला, ठिणगी शून्य. नवीन प्लग टाकला, तेच. बॅटरी नवीन आहे. पेट्रोल येतंय, प्लग ओला निघतोय.

गावातला मेस्त्री म्हणाला कॉइल (प्लगला करंट देते ती) गेली, शहरातला म्हणाला सीडीआय (ठिणगी कधी सोडायची ते ठरवणारा डबा) गेला, दोघांनीही मीटर काही लावला नाही. कॉइल बाहेरून मागवायची म्हणतात आणि सांगितलेली किंमत ऐकून मी फोनच ठेवून दिला. एक गंमत म्हणजे सकाळी सकाळी गाडी रिकामी असली की कधीकधी पहिल्या दाबात सुरू व्हायची आणि पाहुणे बसले की ढिम्म. आता तर रिकामी पण होईना. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला बाहेरगावचं पब्लिक येतं, तेव्हा आमच्याकडं सगळ्यात जास्त बुकिंग असतं, त्याच्या आत करायचीय. कुणी असली गाडी खोललीय का?

उगाचच_एक
बैलगाडी लाव की बे. पाहुणे पुण्याचे असले तर बैलगाडीचे जास्त पैसे देतील वर फोटो काढतील ते वेगळं.

हिप्परगा_शेतकरी
बैल कुठं राहिलेत आता, ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आज्जीला चढवून दाखव मग बोल.

जॉबरकाका
आमच्या वेळेला लूना, राजदूत सगळ्यांना हाच रोग असायचा. मॅग्नेटचं झाकण काढा, आत पॉइंट असतो, म्हणजे उघडझाप करणारा छोटा स्विच, तो काळा पडतो. पॉलिश पेपरचा तुकडा घालून दोनदा ओढा, पॉइंटची गॅप बघा, काम झालं. मिलमध्ये असताना शिफ्ट सुटल्यावर सायकल स्टँडच्या बाहेर आम्ही हेच करायचो. कंडेन्सर पण बदलून टाका, स्वस्तात येतो. सीडीआय बिडीआय असलं काही बोलून मेस्त्री लोक पैसे काढतात.

वायरमनची_लेक
काका, लूनासाठी बरोबर आहे तुमचं, पण ह्या गाडीत पॉइंट असेलच असं नाही, बहुतेक नसेलच. शेतकरी दादा, आधी हे सांगा की इंजिन कुठलं आहे? गाडीच्या नावाची पाटी नसली तरी चालेल, सीट उचला आणि इंजिनाच्या पत्र्यावर काय लिहिलंय ते वाचा. सिलिंडर एक की दोन (प्लग मोजा) आणि चासीला लोहचुंबक चिकटतो का ते बघा. हसू नका, कारण आहे.

ह्या जुन्या पेट्रोल कार्टमध्ये करंट बनवायच्या मुख्य दोन जाती आहेत. एका जातीत करंट बॅटरीवर बनतो, म्हणजे बॅटरीचे बारा व्होल्ट इग्नायटरला (ठिणगी सोडणारा डबा) जातात, इंजिनावर पिकअप कॉइल असते ती सांगते कधी सोडायचं, आणि मग एचटी म्हणजे हजारो व्होल्टची कॉइल प्लगला देते. ई-झी-गो कंपनीच्या दोन सिलिंडरवाल्या रॉबिन इंजिनाच्या गाड्या ह्या जातीच्या. दुसऱ्या जातीत करंटसाठी बॅटरी लागतच नाही, फ्लायव्हीलमधला (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) मॅग्नेट कॉइलजवळून गेला की कॉइल स्वतःच करंट बनवते. दोन्हींची तपासणी एकदम उलटी आहे. तुमची कुठली ते कळल्याशिवाय कुणी काही बदला म्हटलं तर बदलू नका.

हिप्परगा_शेतकरी
ताई, सीट काढून बघितलं. पत्र्यावर कावासाकी लिहिलंय आणि खाली एफई२९०. प्लग एकच. लोहचुंबक चिकटत नाही, पोरानं फ्रीजवरचा आणून लावला, पडतोय.

वायरमनची_लेक
झालं, कळलं. चासी अ‍ॅल्युमिनियमची आहे म्हणून चुंबक चिकटत नाही, आणि अ‍ॅल्युमिनियम चासी, एकसिलिंडर कावासाकी म्हणजे गाडी क्लब कार कंपनीची डीएस असणार. १९९२ पासून त्यांनी ह्या मॉडेलला हे २८६ सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन बसवलं, त्याआधी कावासाकीचंच पण वेगळं ३४१ सीसीचं असायचं. तुमच्या इंजिनात पॉइंट नाही, कंडेन्सर नाही, वेगळा सीडीआय डबा पण नाही. कॉइलच्याच पोटात ट्रान्झिस्टरची सर्किट आहे. म्हणजे शहरातला मेस्त्री सीडीआय गेला म्हणतोय तो जो डबा बघून म्हणतोय तो वेगळाच काहीतरी आहे, त्यावर नंतर येते.

आता मुद्द्याचं. फ्लायव्हील फिरतं, त्यातला मॅग्नेट कॉइलच्या पायांजवळून जातो, कॉइलच्या जाड वळशांत करंट तयार होतो, आतला ट्रान्झिस्टर तो ऐन वेळेला तोडतो आणि बारीक वळशांत हजारो व्होल्ट उठतात, ते प्लगला. ह्यात बॅटरी कुठंही नाही. मग चावी बंद केल्यावर इंजिन बंद कसं होतं? तर कॉइलमधून एक बारीक वायर निघते, तिला किल वायर म्हणा, ती अर्थला (गाडीच्या बॉडीला, बॅटरीच्या निगेटिव्हला) टेकवली की कॉइलचा करंट तिथंच जिरतो आणि प्लगला काही जात नाही. म्हणजे ह्या गाडीत ठिणगी बंद करायला वायर जोडावी लागते, तोडावी लागत नाही. घरातल्या बटणाच्या बरोबर उलटं. जुन्या स्कूटरच्या चावीचं पण असंच असायचं, काकांना आठवेल.

म्हणून ह्या गाडीत ठिणगी नाही ह्याचे अर्थ दोनच, एकतर कॉइल खरंच मेलीय नाहीतर ती जिवंत आहे पण कुणीतरी तिचं तोंड दाबून धरलंय. चावीचा स्विच, पेडलजवळचे मायक्रोस्विच (पेडलनं दाबले जाणारे छोटे स्विच), ठरावीक वर्षांत बनलेल्या गाड्यांत आरपीएम लिमिटर म्हणून इंजिनाचा वेग आवरणारा एक छोटा डबा असतो तो (तुमच्या मेस्त्रीचा सीडीआय बहुधा हाच), आणि ह्या सगळ्यांमधून फिरणारी वायर, ह्यातलं कुणीही एक अर्थला टेकलं की खेळ संपला. तर पहिलं काम एकच करा, कॉइलमधून निघालेली ती बारीक वायर जिथं बाकीच्या वायरिंगला जोडलीय तिथं सोडवा आणि मोकळी ठेवा, कशालाही टेकू देऊ नका. मग ठिणगी बघा. रंगावर जाऊ नका, गाडी किती हातांतून गेलीय कुणास ठाऊक, कॉइलपासून बोटानं वायर धरत धरत या.

जॉबरकाका
हां चावीचं आठवलं. स्कूटरची चावी हरवली की पोरं हँडलजवळची ती वायरच तोडून टाकायची आणि गाडी सुरू. चोरायला पण तेच करायची म्हणा.

पाना_दहाबारा
ताईंनी सांगितलं ते एकदम करेक्ट, पण टेस्ट करायच्या आधी माझे चार शब्द ऐका, कारण ही गाडी स्कूटर नाही. ह्यात स्कूटरसारखी किक मारायची सोय नाही, पेडल दाबलं की इंजिन सुरू आणि पेडल दाबलेलंच आहे म्हणून गाडी चालायला पण लागते. सीटखाली डोकं घालून दुसऱ्याला पेडल दाब म्हणायचं आणि नेमकी ती उठली तर अंगावर येईल. मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचला, नुसत्या जॅकवर नको, पुढच्या चाकांना दगड लावा.

दुसरं, किल वायर काढल्यावर इंजिन जर सुरू झालं तर ते चावीनं बंद होणार नाही, लक्षात ठेवा, चोक ओढून गुदमरवावं लागेल. म्हणून ठिणगी बघताना डोक्यातला प्लग काढूच नका. तो तसाच राहू दे, कॅप काढा, कॅपमध्ये दुसरा जुना प्लग घाला आणि त्याची बॉडी इंजिनाच्या स्वच्छ धातूला वायरनं घट्ट बांधा. इंजिन उठणार नाही आणि प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा पण बाहेर येणार नाही. तुमचा प्लग ओला निघतोय म्हणताय, त्या भोकाशेजारी ठिणगी पाडणं म्हणजे भाजलेला हुरडा तिथंच. हातात प्लग धरून तर अजिबात नको.

तिसरं, ठिणगी अंधारात बघा. सोलापूरच्या उन्हात दुपारी बारा वाजता ठिणगी दिसत नाही आणि माणूस कॉइल गेली म्हणून मोकळा होतो. हे मी लई वेळा बघितलंय. सीटवर पोतं टाका, सावली करा.

चौथं, बॅटरी नवीन आहे म्हणताय ते ठीक पण स्टार्टर फिरवतोय किती जोरात ते बघा. ह्या कॉइलला ठरावीक वेगाच्या खाली ठिणगी देताच येत नाही. ह्या गाडीत स्टार्टर आणि जनरेटर एकच असतो, बेल्टवर, बेल्ट ढिला असला तर स्टार्टरचा आवाज जोरात येतो पण इंजिन हळू फिरतं. आवाजावर जाऊ नका, फ्लायव्हीलकडं बघा.

घाटमाथा
मी घाटातल्या एका रिसॉर्टला मेन्टेनन्स बघतो, आमच्याकडं दोन पेट्रोल कार्ट आहेत. एवढं काही करायची गरज नाही. चावी ऑन करून कॉइलला बारा व्होल्ट येतात का बघा, नसतील तर बॅटरीवरून डायरेक्ट वायर मारा. आमच्याकडं असंच चालवलेलं आहे.

वायरमनची_लेक
नको नको नको. शेतकरी दादा, हे करू नका. घाटमाथा, तुमच्या गाड्या दोन सिलिंडरवाल्या असणार, त्यात बारा व्होल्ट लागतात, तिथं बरोबर आहे. ह्या कावासाकीच्या कॉइलला बॅटरी लावली की आतला ट्रान्झिस्टर जळतो, धूर पण येत नाही, गुपचूप मरतो. चांगली कॉइल तपासणाऱ्यानंच मारलेली असते अशा गाड्या मी बघितल्यात. म्हणूनच मी आधी इंजिन विचारत होते.

घाटमाथा
बरोबर, माझ्याकडं रॉबिन इंजिन आहे, प्लग दोन. कावासाकीवर बारा व्होल्ट मारू नका म्हणजे.

हिप्परगा_शेतकरी
सगळ्यांचं वाचलं. पाना भाऊ, बेल्ट बघितला, टाइट आहे, फ्लायव्हील पण चांगलं गरगरतंय. आज संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला केलं, मागची चाकं ठोकळ्यांवर, पोरगं पेडलवर, मी मागं. किल वायर शोधायला टाइम गेला, कारण कॉइल पंख्याच्या पत्र्याआड आहे आणि वायर वर येऊन एका गोल कनेक्टरमध्ये घुसते आणि त्यावर आधीच्या कुणीतरी अर्धा रीळ इन्सुलेशन टेप गुंडाळलाय. टेप उन्हानं वितळून काळा गोंद झालाय, हाताला चिकटतो, रॉकेलनं काढला.

कनेक्टर सोडवला. पोराला म्हटलं दाब. निळी चर्र चर्र ठिणगी!! कॉइल जिवंत आहे!! परत कनेक्टर लावला, गेली. सोडवला, आली. बायको म्हणाली एवढं ओरडायला काय झालं.

उगाचच_एक
कॉइलचे पैसे वाचले, आता पार्टी कुठं?

जॉबरकाका
मग आता काय, वायर तशीच मोकळी ठेव आणि चालव, बंद करायला चोक आहेच की.

पाना_दहाबारा
काका तसं नका सांगू. ही गाडी पेडल सोडलं की बंद व्हायला पाहिजे, ती पण त्या वायरीवरच आहे. उद्या आज्जी उतरताना इंजिन चालूच राहिलं आणि कुणाचा पाय पेडलवर पडला तर? चोकवर बंद करणं टेस्टपुरतं ठीक, पाहुणे बसवून नाही.

जॉबरकाका
ते पण खरंय.

वायरमनची_लेक
छान. आता अर्ध्या गाडीचा प्रश्न मिटला. कॉइल, मॅग्नेट, प्लगची कॅप, प्लग ह्यांच्याकडं परत बघायचं नाही. रोग त्या कनेक्टरच्या अलीकडं, वायरिंगच्या बाजूला आहे. आता ठिणगीची गरज नाही, मीटर पुरे. साधा मल्टिमीटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल, दोन पिना एकमेकींना जोडल्या गेल्या की पीप आवाज करणारा घ्या.

कॉइलकडची वायर मोकळीच राहू दे. वायरिंगकडच्या टोकाला मीटरची एक पिन, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. इंजिनाच्या बॉडीला नको, बॅटरीलाच, कारण चासी अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि जुन्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो, तिथं अर्थ लागतोय असं वाटतं पण लागत नाही. चावी बंद असताना मीटरनं पीप केलं तर ठीक आहे, कारण बंद म्हणजे अर्थला टेकलेलं. आता चावी ऑन करा आणि पेडल दाबून धरा, पण दाबायच्या आधी स्टार्टरची जाड वायर सोलेनॉइडवरून (स्टार्टरला बॅटरी जोडणारा मोठा स्विच) काढून टेपनं गुंडाळा म्हणजे इंजिन फिरणार नाही. ह्या अवस्थेत मीटर गप्प व्हायला पाहिजे. गप्प झाला नाही तर वायरिंग किंवा एखादा स्विच अर्थला टेकलेला आहे. मग एकेक फांदी तोडत जायची, चावीच्या स्विचमागची वायर काढा, मीटर गप्प झाला का? नाही? मग लिमिटरच्या डब्याचा कनेक्टर काढा. मग मायक्रोस्विचचा. ज्या काढण्यानं पीप बंद पडेल तो गुन्हेगार. सगळं काढूनही पीप चालूच राहिलं तर वायरच कुठंतरी सोललीय.

आणि दादा, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये सगळ्यात मोठी गोष्ट सांगून टाकलीय आणि आपण सगळे तिच्यावरून पुढं गेलो. रिकामी असताना सुरू व्हायची, माणसं बसली की नाही. स्विच बिघडला असता तर त्याला माणसं बसण्याचं काय? वजनानं काहीतरी हलतंय.

पाना_दहाबारा
ताई एक नंबर. ह्या गाडीत इंजिन आणि मागचा अ‍ॅक्सल एका फ्रेमवर आहेत आणि ते बॉडीच्या खाली वेगळे वरखाली होतात, वजन पडलं की पाटे बसतात. म्हणजे बॉडीतून इंजिनाकडं जाणारी प्रत्येक वायर प्रत्येक खड्ड्यात वाकते. तुळजापूर रोड सोडून आत शेतात कच्चा रस्ता असेल तर बघायलाच नको. मी असतो तर स्विचपर्यंत गेलोच नसतो, सरळ तिथला वायरचा जुडगा उघडला असता.

वायरमनची_लेक
जा की सरळ, पण मीटर लावून जा. अंदाज बरोबर निघाला तरी मीटरनं सांगितल्याशिवाय मी मान्य करत नाही, आणि त्याच जुडग्यात दुसरी एखादी वायर अर्धी तुटलेली असेल तर तीही आत्ताच सापडेल.

हिप्परगा_शेतकरी
मीटर आणला, नवी पेठेतून. सांगितलं तसं केलं. चावी ऑन, पेडल दाबलेलं, तरी पीईईईप. चावीची वायर काढली, पीप. लिमिटरचा कनेक्टर काढला, पीप. मायक्रोस्विचचे काढले, पीप. मग म्हटलं वजनाचं बघू, गाडी ठोकळ्यांवरून खाली घेतली आणि मागं दोन गड्यांना बसवलं, पीप चालूच, त्यांना उठवलं, पीप बंद!! बसा, पीप. उठा, बंद. दोघं हसायलेत, मालकाचं डोकं फिरलं म्हणाले.

मग पाना भाऊ म्हणाले तिथंच, सीटखाली उजव्या बाजूला, बॉडीतून वायरचा जुडगा इंजिनाकडं उतरतो तिथं स्टार्टरच्या ब्रॅकेटची एक पत्र्याची कड आहे. जुडग्यावरची प्लास्टिकची नळी तिथं अर्ध्या विताएवढी नाहीच, त्याजागी परत तोच टेप. टेप काढला तर आतल्या एका वायरचं वरचं कातडं एका बाजूनं घासून गेलंय, तांब्याच्या बारीक तारा दिसतात, थोड्या हिरव्या पडलेल्या. आणि ब्रॅकेटच्या कडेला जिथं ती घासायची तिथं गंज नाही, नखाएवढा पत्रा आरशासारखा चमकतोय. बाकी सगळं ब्रॅकेट तांबूस. फोटो काढलाय पण इथं चढेना.

अजून एक, शेजारची जाड वायर पण थोडी घासलेली, पण आत तार दिसत नाही.

पाना_दहाबारा
ती चमक म्हणजे सही केल्यासारखं आहे. शेजारची जाड वायर पण आत्ताच झाका, ती जर बॅटरीची असेल आणि ती टेकली तर ठिणगी जाण्याऐवजी आग लागेल, आणि वर पेट्रोलची टाकी.

जॉबरकाका
टेप लावू नका आता. तोडून, वळून, सोल्डर मारा, एकदम पक्का जोड. लूमवर आम्ही सोल्डरच मारायचो.

वायरमनची_लेक
काका, लूम जागेवर उभा असतो हो, ही गाडी ढेकळांतून जाते. सोल्डर मारला की तार तिथं कडक होते आणि हलत्या जागी बरोबर सोल्डर संपतो त्या काठावर तुटते. इथं क्रिंप करा. चांगल्या पक्कडीनं दाबलेली तांब्याची नळी, वर उष्णतेनं आवळणारी नळी, आतून गोंदवाली मिळाली तर उत्तम. हिरव्या पडलेल्या तारा कापून टाका, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागं या. वायर आखूड पडली तर तुकडा घाला, पण ओढून ताणून जोडू नका.

जॉबरकाका
लूम जागेवर उभा असतो पण थरथरतो किती ते तू बघितलं नाहीस पोरी. पण बरं, क्रिंप कर. आमचं सोल्डर पंचवीस वर्षं टिकलंय एवढंच सांगतो.

पाना_दहाबारा
दोघांचं चालू द्या. दादा, जोडापेक्षा महत्त्वाचं म्हणजे जुडग्याची वाट बदला. ब्रॅकेटच्या कडेपासून लांब न्या, तिथं थोडा झोल ठेवा म्हणजे इंजिन खालीवर झालं तरी वायर ताणत नाही, झोलाच्या दोन्ही बाजूला केबल टाय, एक बॉडीला आणि एक इंजिनाच्या बाजूला. पत्र्याच्या कडेवर रबराची पट्टी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिरून बसवला तरी चालेल. आणि प्लग काढून त्याची गॅप पण बघून घ्या, ०.७ ते ०.८ मिमी. कॉइल आणि फ्लायव्हीलमधली गॅप छेडू नका, ती चालतीये. कुणी कॉइल कधी काढलीच तर परत बसवताना मध्ये एखादं व्हिजिटिंग कार्ड ठेवून बसवायची, ०.३ मिमीच्या आसपास येते.

हिप्परगा_शेतकरी
क्रिंप केलं (काका माफी), ट्यूबचा तुकडा लावला, झोल ठेवला. जाड वायरला नवीन नळी घातली. सगळे कनेक्टर परत लावले, स्टार्टरची वायर लावली, मीटरवर चावी बंद असताना पीप, ऑन करून पेडल दाबल्यावर गप्प. मग पहिल्या दाबात उठली. पेडल सोडलं, बंद. चावी बंद केली, पेडल दाबलं, काहीच नाही. चार गडी बसवून बांधावरून फिरवली, थांबवून परत सुरू केली, प्रत्येक वेळेला उठली.

ताई, एक शंका. किल वायर अर्थला टेकली असताना स्टार्टर मात्र व्यवस्थित फिरायचा, ते कसं? दोन्ही पेडलवरच आहे ना?

वायरमनची_लेक
पेडल एकच आहे पण सर्किट दोन आहेत, एकमेकांशी संबंध नाही. पेडल दाबलं की एका बाजूनं बॅटरीचा करंट मायक्रोस्विचमधून सोलेनॉइडला जातो, सोलेनॉइड टक करून जाड वायर जोडतो, स्टार्टर फिरतो. हे सगळं बॅटरीचं काम. दुसऱ्या बाजूला किल वायर अर्थपासून सुटायला पाहिजे, हे कॉइलचं काम. म्हणून स्टार्टर फिरतोय ह्याचा अर्थ इग्निशन ठीक आहे असा होत नाही, आणि उलटंही. तुमच्या दोन्ही मेस्त्र्यांचा घोटाळा तिथंच झाला असणार, बॅटरी ठीक, स्टार्टर ठीक, मग राहिली कॉइल असा हिशोब.

उगाचच_एक
मेस्त्र्यांना काय बोलता, त्यांच्याकडं गोल्फ कार्ट येते कधी? सोलापुरात गोल्फ खेळतं कोण बे.

घाटमाथा
ह्याच धाग्यात विचारतो, आमच्या रॉबिनवाल्या एका गाडीला पण आता करंट नाही. दोन्ही प्लग मेलेत. चावी ऑन करून इग्नायटरला मीटर लावला तर साडेबारा व्होल्ट दाखवतोय म्हणजे सप्लाय बरोबर आहे, मग इग्नायटरच गेला ना?

वायरमनची_लेक
लगेच मागवू नका. दोन्ही प्लग एकदम गेलेत म्हणजे प्लग आणि त्यांच्या वायरी सोडून द्या, दोघांचा जो सामाईक भाग आहे तिथं रोग, म्हणजे कॉइल, इग्नायटर, पिकअप किंवा सप्लाय. आणि सप्लाय बरोबर आहे हे अजून ठरलेलं नाही. साडेबारा तुम्ही इंजिन उभं असताना बघितलेत. स्टार्टर फिरत असताना बघा, कारण ठिणगी तेव्हाच लागते. जुना स्विच, सैल लग (वायरीच्या टोकाची कडी), गंजलेला फ्यूज होल्डर असला की नुसता मीटर लावल्यावर पूर्ण व्होल्ट दिसतात आणि लोड आला की बसतात. मीटरची एक पिन इग्नायटरच्या सप्लायला, दुसरी इंजिनाच्या बॉडीला, आणि दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा. चाकं उचलून, वर पाना भाऊंनी सांगितलंय तसं. किती राहतात ते सांगा, आणि त्याच वेळेला बॅटरीच्या दोन टोकांवर किती आहेत ते पण. त्या दोन आकड्यांत मोठा फरक असला तर इग्नायटरला हातच लावू नका.

घाटमाथा
उद्या शिफ्टवर बघून टाकतो. नवीन धागा काढू का इथंच?

पाना_दहाबारा
नवीन काढा. नावात रॉबिन आणि दोन सिलिंडर टाका, नाहीतर कुणीतरी हा धागा अर्धवट वाचून तुमच्या गाडीची किल वायर शोधत बसेल किंवा कावासाकीवाला बारा व्होल्ट मारेल.